काटेरी तारांआडच्या बा

कस्तुरबा हे नाव आपल्या इतकं सवयीचं झालंय, की त्या नावामागे एक हाडामांसाची बाई होती हेच आपण विसरून गेलोय. मुंबईत साथीच्या रोगांचं कस्तुरबा हॉस्पिटल, गावोगावी मुलींच्या कस्तुरबा निवासी शाळा, कुठे एखादा रस्ता, कुठे चौक. शाळेच्या पुस्तकातल्या फोटोत त्या गांधीजींच्या शेजारी, डोक्यावर पदर घेतलेल्या. बस, एवढंच. त्या कुठे वारल्या असं सहज विचारून बघा. कुणी साबरमती सांगेल, कुणी सेवाग्राम. त्या आपल्या पुण्यात वारल्या, आणि शेवटचा श्वास घेतला तेव्हा त्या ब्रिटिश सरकारच्या कैदी होत्या, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं.

त्या कैदेची गोष्ट मला सांगायची आहे. आमच्या सरावली-बोईसर भागात ४२ सालचा विषय निघतो तो दरवर्षी १४ ऑगस्टला, पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार झाला आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे हे पाच जण गेले. त्या पाचांची नावं इथल्या पोराटोरांनाही पाठ असतात. पण ज्या लढ्यात ते गेले, त्याच लढ्यातली दोन माणसं पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात गेली. एक तर लगेच दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला. दुसऱ्या कस्तुरबा, दीड वर्षानं.

तुरुंग बांना नवा नव्हता. त्यांची पहिली कैद होती आफ्रिकेत, तीस वर्षांपूर्वीची. आणि ती त्यांनी आपणहून मागून घेतली होती. पण त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

पोरबंदरच्या गोकुळदास मकनजी कापडिया या व्यापाऱ्याची ही लेक, कस्तूर. जन्म १८६९ चा, म्हणजे गांधीजींच्याच वयाची, खरं तर त्यांच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी. घर खात्यापित्याचं. मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, म्हणून ही शिकली नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी शेजारच्याच गांधींच्या घरात लग्न करून गेली. नवरा तेवढाच पोरसवदा, आणि संशयी. देवळात जायचं तर विचारून जा, मैत्रिणीकडे जायचं तर विचारून जा. ही विचारायची नाही. सरळ जायची. भांडणं व्हायची, अबोले व्हायचे. गांधीजींनी हे सगळं पुढे आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलंय. पहिलं मूल दोन-चार दिवसांतच गेलं. मग हरिलाल, मणिलाल. नवरा बॅरिस्टर व्हायला तीन वर्षं विलायतेत आणि ही राजकोटला सासरी, मोठ्या एकत्र कुटुंबात. त्यानंतर तो आफ्रिकेत. १८९७ च्या सुरुवातीला ही मुलांना घेऊन त्याच्याबरोबर डर्बनला उतरली तेव्हा पोटात रामदास होता, आणि उतरल्या दिवशीच गोऱ्यांच्या जमावानं नवऱ्याला भर रस्त्यात मारलं. कुणाही बाईची नव्या गावातली सुरुवात याहून वाईट काय होणार!

डर्बनच्या घरातली दोन भांडणं प्रसिद्ध आहेत. एक, घरी राहणाऱ्या पाहुण्यांची मूत्रपात्रं उचलण्यावरून. त्या रडत रडत उचलत होत्या, आणि नवऱ्याचा हट्ट असा की हसत उचल. त्यानं हात धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या मुलखात मी जाऊ कुठे, असा त्यांचा सवाल होता. त्या सवालानं तो भानावर आला. दुसरं भांडण १९०१ चं, भेट मिळालेल्या दागिन्यांवरून. लोकांनी दिलेला सोन्याचा हार त्यांना सुनांसाठी ठेवायचा होता. नवऱ्यानं सगळं सार्वजनिक कामाच्या ट्रस्टला दिलं. लोक हे किस्से गांधीजींच्या मोठेपणाचे म्हणून सांगतात. मला मात्र वाचताना दर वेळी बांची बाजूच पटते. सुनांसाठी चार दागिने बाजूला ठेवावेत असं कुठल्या सासूला वाटत नाही?

पण या गृहिणीचा कणा कसा होता हे एका आजारपणात दिसलं. आफ्रिकेतच एकदा त्या फार आजारी होत्या. शरीरात ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी गोमांसाचं सूप द्यायचं ठरवलं. नवऱ्यानं निर्णय बांवर सोडला, आणि त्यांनी साफ नकार दिला. हे घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांचं उत्तर होतं. डॉक्टर म्हणाले, मग माझ्या घरात ठेवणार नाही. तशा हाडांचा सापळा झालेल्या बाईला भर पावसात तिथून हलवलं, रेल्वेनं नेलं, आणि स्टेशनावरून फिनिक्सच्या आश्रमात झोळीत घालून नेलं. त्या त्यातून बऱ्या झाल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

१९१३ साली तिथल्या कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. ख्रिस्ती पद्धतीनं न लागलेली, सरकारदरबारी नोंद नसलेली लग्नं तिथल्या कायद्यात बसत नाहीत, असा त्याचा अर्थ निघाला. म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्यांच्याच बायका एका फटक्यात बिनलग्नाच्या ठरल्या. तीस वर्षं संसार केलेल्या, चार मुलांची आई असलेल्या बाईला कुणीतरी सांगायचं की तू याची बायकोच नाहीस! बा चिडल्या. मी पण तुरुंगात जाते म्हणाल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्सहून सोळा जणांची पहिली तुकडी निघाली, तिच्यात त्या होत्या. बरोबर घरातल्याच दोघी पुतणसुना, काशी आणि संतोक, आणि डॉक्टर प्राणजीवन मेहतांची लेक जयकुंवर. परवान्याशिवाय सरहद्द ओलांडली म्हणून तीन महिने सक्तमजुरी झाली. फलाहाराशिवाय काही खायचं नाही असं व्रत असल्यानं तुरुंगात हाल झाले. सुटून आल्या तेव्हा ओळखू येत नव्हत्या.

हे सगळं सविस्तर सांगायचं कारण असं, की बा नवऱ्याच्या मागून फरपटत तुरुंगात गेल्या, अशी आपली एक समजूत असते. ती खरी नाही. वादात त्या हरल्या असतील, पुष्कळदा हरल्या. पण तुरुंगाचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, पहिल्या खेपेला आणि शेवटच्याही.

हिंदुस्थानात परत आल्यावरची पंचवीस-सत्तावीस वर्षं मी भराभर सांगते. चंपारणात त्या गावातल्या बायकांमध्ये स्वच्छतेचं काम करत होत्या. तिथं आपल्या मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन याही शाळा चालवायला गेल्या होत्या, हे मुद्दाम नोंदवते. आश्रमात अस्पृश्य कुटुंब राहायला आलं तेव्हा बांना ते चटकन पचलं नाही, पण पुढे त्याच कुटुंबातली लक्ष्मी आश्रमाची लेक झाली. १९२९ मध्ये बांनी स्वतःजवळ थोडे पैसे ठेवले, त्यांतले चार रुपये जमा करायचे राहिले, तर गांधीजींनी ते वर्तमानपत्रात लेख लिहून जगाला सांगितलं. चार रुपये! मला हे वाचताना आजही राग येतो. मिठाच्या सत्याग्रहानंतर दारूच्या दुकानांवर निदर्शनं, मग अटक, सुटका, पुन्हा अटक. १९३९ मध्ये राजकोट संस्थानात सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा हे तर माझं घरचं गाव म्हणून सत्तरीला टेकलेल्या बा तिथं गेल्या आणि त्रंबा नावाच्या आडगावी स्थानबद्ध झाल्या. तोवर सेवाग्रामला त्यांची स्वतंत्र छोटी झोपडी झाली होती. बा-कुटी. इतकी वर्षं सतत माणसांच्या गराड्यात काढलेल्या बाईला म्हातारपणी मिळालेली ही एक खोली. वर्ध्याला गेलात तर ती आजही बघता येते.

त्या खोलीतून त्या १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला निघाल्या, त्या परत आल्याच नाहीत.

८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकवर भारत छोडोचा ठराव झाला. ९ तारखेला पहाटे पोलीस बिर्ला हाऊसवर आले. वॉरंट गांधीजी, महादेवभाई देसाई आणि मीराबेन यांच्या नावाचं होतं. बांना सांगण्यात आलं की तुम्हाला हवं तर बरोबर येऊ शकता. इथं त्या सहज गाडीत बसू शकल्या असत्या. त्र्याहत्तर वर्षांचं वय, छातीचं जुनं दुखणं, हृदय नाजूक. पण संध्याकाळी शिवाजी पार्कवर बापूंची सभा होती. ती सभा मी घेईन असं त्यांनी ठरवलं आणि त्या मागे राहिल्या. सभेला पोहोचण्याआधीच त्यांना आणि डॉ. सुशीला नय्यर यांना पकडलं. रवानगी आर्थर रोड तुरुंगात. जुलाब सुरू झाले, अंगात त्राण उरलं नाही. (ज्या रस्त्यावर हा तुरुंग आहे, त्याच रस्त्यावर आज कस्तुरबा हॉस्पिटल आहे. किती जणींच्या हे लक्षात येत असेल?) ११ तारखेला दोघींना रेल्वेनं पुण्याला नेलं.

आगाखान पॅलेस म्हणजे १८९२ मध्ये बांधलेला टोलेजंग बंगला. मोठ्या खोल्या, व्हरांडे, बाग. तुरुंगासारखा तो दिसत नव्हता, पण भोवती काटेरी तारांचं कुंपण, पहारा, आणि बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेला. युद्ध चालू होतं. जपानी ब्रह्मदेशापर्यंत आले होते. अशा वेळी सरकार कुणाचं काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. बा दारातून आत आल्या तेव्हा बापूंच्या कपाळाला आठी पडली. विरह सहन न होऊन ही विनंती करून आली की काय, अशी त्यांना शंका. अटक करून आणलंय असं कळल्यावर ते खूश झाले. काय नवरा असेल, नाही?

आणि चौथ्याच दिवशी, १५ ऑगस्टला सकाळी, महादेवभाई गेले. हृदयविकाराचा झटका. वय अवघं पन्नास. ते बापूंचे सचिव, पण बांना मुलासारखे. त्यांची बायको दुर्गाबेन आणि मुलगा नारायण दूर सेवाग्रामला. शेवटचं तोंड बघणंही त्यांच्या वाट्याला आलं नाही. देह बाहेर दिला नाही, पॅलेसच्या आवारातच दहन झालं. बापूंनी स्वतःच्या हातांनी त्यांना आंघोळ घातली. बांनी हा धक्का फार मनाला लावून घेतला. आपल्या लढ्यात ब्राह्मणाचा बळी गेला, हे पाप आपल्या माथी, असं त्यांच्या जुन्या वळणाच्या मनाला वाटत राहिलं. महादेवभाईंच्या समाधीची जागा त्यांना महादेवाचं देऊळ झाली. चालवत होतं तोवर त्या रोज तिथं जायच्या, फुलं वाहायच्या, नमस्कार करायच्या.

त्या दीड वर्षातले दिवस कसे गेले हे आपल्याला समजतं ते मुख्यतः सुशीलाबेनमुळे. त्या बरोबर होत्या, डॉक्टर होत्या, आणि रोजनिशी ठेवत होत्या. ‘बापू की कारावास-कहानी’ हे त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. त्यात बा आपल्या ओळखीच्या कुठल्याही आजीसारख्या दिसतात. कॅरमची आवड. दुसऱ्यांचा खेळ बघत बसण्याची आवड. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी बापू त्यांना गुजराती वाचन, गीता आणि भूगोल शिकवताहेत, आणि प्रांत, राजधान्या, नद्या काही केल्या लक्षात राहत नाहीत. मध्येच त्या बापूंवर वैतागायच्या. कशाला त्या इंग्रजांना चालते व्हा म्हणालात, देश एवढा मोठा आहे, राहू देत त्यांना भावासारखे! बापू समजावायचे, की मी पण तेच म्हणतोय, भाऊ म्हणून राहा, मालक म्हणून नको. थोड्या वेळानं त्यांना पटायचं. पण बाहेर हजारो लोक तुरुंगात आहेत, घरंदारं उघडी पडलीत, याचं ओझं त्यांच्या मनावरून उतरायचं नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये बापूंनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. तेही सत्तरी ओलांडलेले. मध्ये एक वेळ अशी आली की सगळ्यांनी आशा सोडली. बा त्या दिवसांत एकवेळ फळं-दुधावर राहिल्या, तुळशीपुढे बसून राहायच्या. ते उठले. पण त्या दिवसांचा ताण बांच्या शरीरातून गेला नाही असं मला वाटतं. मार्चमध्ये बांच्या सेवेसाठी नागपूरच्या तुरुंगातून मनूला आणलं. ही नात्यातली, बापूंच्या पुतण्याची मुलगी, जेमतेम पंधरा वर्षांची. तिची आई गेल्यावर बांनीच तिला सांभाळलं होतं. आता ती बांचे पाय चेपायची, केस विंचरायची, भजनं म्हणायची. एका कैदी आजीची सेवा करायला दुसऱ्या तुरुंगातून कैदी नात आणली, असा तो काळ.

१९४३ च्या डिसेंबरपासून दुखणं वाढलं. हृदयाचे झटके, श्वास लागणं. रात्र रात्र बसून काढायची, आडवं होता येत नव्हतं. पुढे टेबल ठेवून त्यावर डोकं टेकवून त्या पडून राहायच्या. डॉ. गिल्डर आणि सुशीलाबेन हे दोघे डॉक्टर आत होतेच, पण बांचा विश्वास वैद्याच्या औषधावर. इथून पुढची गोष्ट अर्जांची आहे. निसर्गोपचारवाले डॉ. दिनशा मेहता पुण्यातलेच, त्यांना येऊ द्या, यासाठी अर्ज. वैद्य हवा, अर्ज. सेवेला अमुक माणूस हवं, अर्ज. स्मरणपत्र. पुन्हा स्मरणपत्र. आपल्याकडे घरात आजारी माणूस असताना सरकारी कचेरीत ज्यांनी खेटे घातलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. जयप्रकाशजींच्या पत्नी प्रभावती यांना भागलपूरच्या तुरुंगातून आणलं. फेब्रुवारीत लाहोरचे वैद्य पंडित शिव शर्मा आले. पण रात्री आत राहायची त्यांना परवानगी नाही! बांचा त्रास तर रात्रीच वाढायचा. मग ते वैद्यराज पॅलेसच्या फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपायला लागले. त्रास वाढला की आतून निरोप, मग त्यांना आत आणायचं. शेवटी मध्यरात्र उलटल्यावर बापूंनी सरकारला पत्र लिहायला घेतलं, की एकतर वैद्यांना आत राहू द्या, नाहीतर पत्नीला सोडा, नाहीतर मला दुसरीकडे हलवा, म्हणजे तिचे हाल बघत बसायची पाळी तरी येणार नाही. त्यानंतर परवानगी आली. पण वेळ गेली होती, वैद्यांनीही हात टेकले.

मुलांच्या भेटी व्हायला लागल्या. रामदास आणि देवदास येत होते. मणिलाल तिकडे समुद्रापलीकडे, फिनिक्सला. आणि हरिलाल? थोरला, वडिलांशी फाटलेला, दारूच्या आहारी गेलेला, कुठे असतो याचा पत्ता नाही. बांचा जीव सगळ्यात जास्त त्याच्यात अडकलेला. तो एकदा आला तेव्हा त्यांना आनंद झाला. पुन्हा आला तो मरणाच्या आदल्या दिवशी, प्यायलेला. बांनी कपाळ बडवून घेतलं. त्याला बाहेर न्यावं लागलं. महात्म्याच्या घरचं दुःखही शेवटी असं, चार घरांसारखंच.

देवदास यांनी आणखी एक धडपड केली. पेनिसिलिन तेव्हा नवीन, दुर्मिळ, युद्धावरच्या सैनिकांसाठी राखलेलं. ते कलकत्त्याहून विमानानं आणवलं. दर थोड्या तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर बापूंनी मुलाला समजावलं, की आता आईला त्रास देऊ नकोस, देवावर सोड. मुलानं ऐकलं. औषध दिलं गेलं नाही. यावर खूप लिहिलं गेलंय, बापूंना दोषही दिला गेलाय. शरीर इतकं थकलं होतं की पेनिसिलिननं त्या वाचल्या असत्या असं मला वाटत नाही. पण मघाशी सांगितलेली आफ्रिकेतली ती गोष्ट आठवते. तेव्हा निर्णय बांनी घेतला होता. या वेळी तो बाप आणि मुलगा यांच्यात झाला. मला खटकतं ते एवढंच.

२२ फेब्रुवारी १९४४. त्या दिवशी महाशिवरात्र होती. दुपारी देवदास यांनी आणलेलं गंगाजल आणि तुळशीचं पान बांनी घेतलं. संध्याकाळी बापू फिरायला निघणार होते, तेवढ्यात बांनी बोलावून घेतलं. ते जवळ बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. साडेसातच्या सुमारास सगळं संपलं. बासष्ट वर्षांचा संसार.

मग पुन्हा प्रश्न, देहाचा. बापूंनी सरकारला पर्याय दिले. एक, देह मुलांच्या ताब्यात द्या, म्हणजे अंत्ययात्रा जाहीर निघेल. ते नको असेल तर नातेवाइकांना आणि मित्रांना आत येऊ द्या. तेही फक्त नातेवाइकांपुरतंच ठेवणार असाल तर मग कुणीच नको, आम्ही आतले कैदीच काय ते करू. सरकारनं दुसरा पर्याय निवडला. लोकांच्या गर्दीची भीती एका म्हातारीच्या प्रेतालाही चिकटलेली होती. मनू, सुशीलाबेन या सगळ्यांनी मिळून बांना आंघोळ घातली. बापूंनी कातलेल्या सुताची साडी बांनी या दिवसासाठीच जपून ठेवायला सांगितली होती, ती नेसवली. महादेवभाईंच्या शेजारी चिता रचली, देवदास यांनी अग्नी दिला. चिता जळायला बराच वेळ लागला. लोक बापूंना म्हणत होते, खोलीत जाऊन आराम करा. ते झाडाखाली बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. राखेत बांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या न तडकता सापडल्या. गेली ती सवाष्ण गेली, म्हणून आपल्या बायकांना या गोष्टीचं केवढं अप्रूप! सांगणारी प्रत्येक जण आवाज खाली आणून सांगते.

त्यानंतर जे झालं ते मला त्या मरणाहून जास्त लागतं. लंडनच्या पार्लमेंटमध्ये सरकारतर्फे बटलर यांनी सांगितलं, की त्यांना हवे ते सगळे उपचार मिळत होते, घरच्यांनी मागितलेली माणसंही दिली होती. अमेरिकेत सरकारचे प्रतिनिधी म्हणाले, की सुटकेचा विचार अनेकदा झाला होता, पण पतीजवळ राहण्याची त्यांचीच इच्छा होती. बापूंनी तुरुंगातून कळवलं, की सुटकेची अशी विचारणा आमच्यापर्यंत कधी आलीच नाही. डॉक्टरांसाठी किती दिवस वाट पाहावी लागली, वैद्य कुठे झोपले, सगळं तारखांनिशी लिहिलं. बायकोच्या मरणाचं दुःख बाजूला ठेवून तिच्या आजारपणाचा हिशेब सरकारला द्यावा लागणं, यासारखी शिक्षा नाही. दवाखान्यात माणूस गेल्यावर घरच्यांना अशीच कागदपत्रं लढवावी लागतात, ती बघितली की मला हा पत्रव्यवहार आठवतो.

६ मे १९४४ ला बापूंना सोडलं. त्या सकाळी त्यांनी दोन्ही समाध्यांवर फुलं वाहिली आणि ते बाहेर पडले. पुढे १९६९ मध्ये आगाखानांनी तो पॅलेस देशाला दिला. पुण्यात नगर रस्त्यावर आहे, विमानतळाकडे जाताना लागतो. कार्ल्याला, महाबळेश्वरला सहली जातात, तशी एक तिथंही न्यायला हवी. मागच्या बाजूला दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत, सेवकाची आणि घरधनिणीची.

बांच्या स्मारकासाठी देशानं ७५ लाखांचा निधी जमवायचं ठरवलं. बापूंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, म्हणून तो आकडा. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त पैसे जमले. बापूंची अट एकच, की हा पैसा खेड्यातल्या बायका आणि मुलं यांच्यासाठीच वापरायचा. पुतळे नकोत. आपल्याकडे सासवडला प्रेमाताई कंटक यांनी या ट्रस्टचं काम उभं केलं. आणि १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टनं ग्रामसेविकांचं एक शिबिर भरवलं. त्या शिबिराला पुण्याच्या एक शिक्षिका आल्या होत्या. बालपणी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, हिमतीनं शिकलेल्या. नाव अनुताई वाघ. तिथं त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाईंना खेड्यात बालशिक्षणाचं काम सुरू करायचं होतं आणि बरोबर यायला कुणी मिळत नव्हतं. अनुताई तयार झाल्या. दोघी आल्या त्या आपल्याच पट्ट्यात, बोर्डीला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. पोरं गुरं चारायला गेली, तर कुरणावर शाळा भरवायची. १९७५ मध्ये सरकारनं देशभर बालविकासाची योजना काढली, तेव्हा अंगणवाडी हाच शब्द गावागावांत पोहोचला.

आमच्या सरावलीच्या अंगणवाडीतही सकाळी खिचडीचा वास येतो, वजनकाटा टांगलेला असतो, आणि भिंतीवर तक्त्यांच्या रांगेत कुणाकुणाचे फोटो असतात. त्यात बांचा फोटो नाही. मी ताईंना म्हटलं, एक लावा ना. त्या म्हणाल्या, आणून द्या, खिळा आहेच.